पूर्णविराम जरा जपून

गेल्या वर्षी दहावीचा निकाल लागला आणि पंधरा दिवसांनी माझी एक विद्यार्थिनी भर दुपारी घरी आली. हातात चार घड्या पडलेला एक अर्ज. शहरात अकरावी सायन्सला प्रवेश मिळत होता, पण राहायची सोय नव्हती. म्हणून एका संस्थेच्या वसतिगृहासाठी तिने स्वतः इंग्रजीत अर्ज लिहिला आणि मामूंना सोबत घेऊन नेऊन दिला. तिथल्या गृहस्थांनी तो वाचला आणि विचारले, "दोन भाऊ आहेत ना तुला? मग अडचण काय आहे?" पोरगी घाबरून गप्प राहिली. मामूंना इंग्रजी येत नाही, त्यामुळे अर्जात काय लिहिले आहे हेच त्यांना ठाऊक नव्हते. दोघे अर्ज घेऊन परत आले.

अर्जात काय होते ते सांगते. नेहमीप्रमाणे या पानावर इंग्रजी वाक्ये मी आपल्याच लिपीत देते, म्हणजे ज्या अम्मींना इंग्रजी अक्षरे जुळवता येत नाहीत त्यांनाही मुलांच्या वहीवर बोट ठेवता यावे.

"आय ॲम अ स्टुडंट. आय पास्ड टेन्थ. आय गॉट एटी-फोर पर्सेंट. माय फादर इज अ ड्रायव्हर. ही हॅड ॲन ॲक्सिडेंट. ही इज ॲट होम. माय मदर डज स्टिचिंग. आय हॅव टू ब्रदर्स. आय वॉन्ट ॲडमिशन इन हॉस्टेल. प्लीज हेल्प मी."

व्याकरणाची चूक शोधायला गेले तर एखादा 'द' सोडला तर काही सापडत नाही. स्पेलिंग सगळी बरोबर. परीक्षेत हे पत्र आले असते तर मी बऱ्यापैकी गुण दिले असते. आणि तरीही वाचणाऱ्या माणसाला काहीच कळले नाही. वडील ड्रायव्हर आहेत, म्हणजे कमाई आहे. अपघात झाला, कधी झाला कोण जाणे. घरी आहेत, म्हणजे आज सुट्टी असेल. दोन भाऊ आहेत, म्हणजे तेही कमावत असतील. दहा वाक्ये दहा विटांसारखी शेजारी शेजारी ठेवलेली. मध्ये चुना नाही, त्यामुळे भिंत झालीच नाही.

मला वाईट याचे वाटले की ही दहा वाक्ये तिची नव्हती, माझी होती. "छोटा जुमला लिखो, गलती कम होगी," हे मी पाचवीपासून या मुलांना सांगत आले आहे. माझ्या बीएडच्या सराव पाठांपासून आजपर्यंत हेच चालू आहे. त्यामागे कारणही आहे. आमच्या पिढीने इंग्रजी पाचवीत सुरू केले. २००० सालापासून महाराष्ट्रात इंग्रजी पहिलीपासून आले, पण उर्दू शाळेतल्या मुलाला उर्दू, मराठी, इंग्रजी आणि हिंदी अशा चार भाषा सांभाळायच्या असतात. ज्याला दहावीत इंग्रजीत कसेबसे पस्तीस गुण मिळवायचे आहेत त्याच्यासाठी छोटे वाक्य ही काठी आहे, आणि ती मी काढून घेणार नाही. पण चौऱ्याऐंशी टक्के मिळवणाऱ्या मुलीच्या हातातही मी तीच काठी ठेवली, हे माझे चुकले.

तिला मी चहा दिला आणि म्हटले, "कागज रहने दे. मुझे जबानी बता, क्या हुआ." तिने एका दमात सांगितले, "मिस, अब्बू गाडी चलाते थे, लेकिन ॲक्सिडेंट के बाद से घर पर ही हैं, इसलिए अम्मी की सिलाई पर घर चलता है, और दोनों भाई अभी छोटे हैं, तो कमानेवाला कोई नहीं." एकही पूर्णविराम नाही. 'लेकिन', 'के बाद से', 'इसलिए', 'अभी', 'तो'. तिची सगळी अडचण या पाच छोट्या शब्दांत होती आणि अर्जात नेमके तेच पाच शब्द नव्हते.

त्या दिवसापासून मी वर्गात एक गोष्ट लक्षपूर्वक ऐकू लागले. आपली मुले घरात कधीच तुटक बोलत नाहीत. "नहाके, नाश्ता करके, टिफिन लेके निकला तो बस चली गई." मराठीत हेच 'आंघोळ करून, नाश्ता करून, डबा घेऊन'. आणि बाजारात, शेतात, शेजारणीच्या ओट्यावर जी अहिराणी कानावर पडते तिच्यात 'करीसन, खाईसन, जाईसन'. जाके, जाऊन, जाईसन. पारोळ्याच्या पोराकडे वाक्ये जोडायची तीन भाषांतली तीन हत्यारे आहेत, आणि इंग्रजीच्या वहीत मात्र तो लिहितो, "आय टुक बाथ. आय एट ब्रेकफास्ट. आय टुक टिफिन. आय वेंट. द बस वेंट." म्हणजे जोडणे त्याला शिकवायचे नाही. ते येतेच. इंग्रजीत कोणता शब्द ते काम करतो एवढेच दाखवायचे आहे.

गंमत म्हणजे मराठीला पूर्णविराम, स्वल्पविराम ही चिन्हे मिळाली तीच मुळी इंग्रजीवरून. मोडीत लिहिणारे शब्दही सुटे लिहीत नसत, मग विरामचिन्हे कुठली. एकोणिसाव्या शतकात मेजर थॉमस कँडी यांनी ती मराठीत रूढ केली. पाहुण्याने आणलेली मिठाई आमची मुले पाहुण्यालाच जास्त वाढतात, असे मी वर्गात म्हणते.

तुम्ही म्हणाल, वाक्ये जोडणे अभ्यासक्रमात आहेच की. आहे. दहावीच्या इंग्रजीच्या पेपरात 'ॲज सून ॲज'च्या जागी 'नो सूनर... दॅन' वापरा, 'नॉट ओन्ली... बट ऑल्सो' वापरा, 'इफ' काढून 'अनलेस' घाला, असले प्रश्न असतात. मुले ते तोंडपाठ करतात आणि गुण घेतात. पण तीच मुले पान उलटून पत्र किंवा बातमी लिहायला लागली की पुन्हा "आय ॲम. आय हॅव. आय वॉन्ट." एका प्रश्नात शिकलेले दुसऱ्या प्रश्नात चालते, हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते. रेन आणि मार्टिन यांचे जाडजूड व्याकरण तुमच्यापैकी अनेकांच्या घरी असेल. हे रेन साहेब एके काळी मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरीला होते आणि पुढे 'बो जेस्ट' नावाची कादंबरी लिहून प्रसिद्ध झाले. त्यांच्या पुस्तकात वाक्ये जोडण्यावर स्वतंत्र प्रकरणे आहेत आणि ती चांगली आहेत. फक्त तिथे नियम आधी येतो आणि बोलणे मागे राहते. मी आता उलटे करते.

वर्गात आम्ही गावचा किल्ला घेतला, कारण रोज येता-जाता तो दिसतो. मुलांनी आधी आपल्या सवयीने लिहिले: "देअर इज अ फोर्ट इन पारोळा. द फोर्ट इज ओल्ड. हरी सदाशिव दामोदर बिल्ट इट. ही बिल्ट इट इन १७२७. इट हॅड अ मोट. द मोट वॉज अराउंड द फोर्ट." मोट म्हणजे खंदक. सहा वाक्ये, आणि 'फोर्ट' व 'इट' मोजून मोजून दमायला होते. मी सांगितले, याचे एक वाक्य करा, कसेही करा.

पहिली गोष्ट सगळ्यांना सुचली. 'द फोर्ट इज ओल्ड' हे आख्खे वाक्य 'ओल्ड फोर्ट' या दोन शब्दांत मावते. विशेषण नामाच्या आधी नेऊन ठेवले की एक पूर्णविराम गेला. 'ही बिल्ट इट इन १७२७' मधले 'इन १७२७' तेवढे उचलायचे, बाकी सगळे टाकून द्यायचे. मग फळ्यावर दोन उत्तरे उरली. एक होते, "बिल्ट बाय हरी सदाशिव दामोदर इन १७२७, द ओल्ड फोर्ट इन पारोळा हॅड अ मोट अराउंड इट." दुसरे, "द ओल्ड फोर्ट इन पारोळा, विच हॅड अ मोट अराउंड इट, वॉज बिल्ट बाय हरी सदाशिव दामोदर इन १७२७."

दोन्ही बरोबर. मग फरक काय? मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो एरवी खिडकीबाहेर बघतो, तो म्हणाला, "मिस, पहिला खंदक की बात कर रहा है, दूसरा बनानेवाले की." अगदी तेच. वाक्याचे मुख्य क्रियापद जिथे, तिथे वजन. किल्ल्याचे रक्षण कसे होत असे असा प्रश्न असेल तर पहिले उत्तर द्यावे, किल्ला कोणी बांधला असे विचारले तर दुसरे. सहा तुटक वाक्यांत सगळ्यांचे वजन सारखे असते, त्यामुळे कुठले महत्त्वाचे ते वाचणाऱ्याने ओळखायचे. वसतिगृहाच्या गृहस्थांनी ओळखले ते चुकीचे ओळखले.

आता आपल्या मुलांची खास चूक, जी इंग्रजी माध्यमाच्या मुलांत मला फारशी दिसत नाही. आपल्या भाषांत जोडणारे शब्द जोडीने येतात. जरी-तरी, जेव्हा-तेव्हा, जो-तो. उर्दूत अगरचे-लेकिन, चूंके-इसलिए, जो-वो. मियाँ-बीवीसारखे, एक आला की दुसरा येणारच. इंग्रजी इथे कंजूस आहे, तिला बहुतेक वेळा एकच पुरतो. मूल मात्र घरच्या सवयीने दोन्ही घालते: "ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट वी वेंट." 'ऑल्दो' ठेवा किंवा 'बट' ठेवा, दोन्ही नको. "बिकॉज आय वॉज इल, सो आय डिड नॉट कम," यातही एकच ठेवायचा. 'जो लडका आया वो मेरा भाई है' याचे मूल करते, "हू बॉय केम ही इज माय ब्रदर." इंग्रजीत 'वो' गळतो आणि मुलगा पुढे येतो: "द बॉय हू केम इज माय ब्रदर." फळ्यावर मी जोडीतल्या एका शब्दावर काट मारते आणि म्हणते, यह घर पर रहेगा. एवढे सांगितल्यावर निम्म्या चुका महिन्याभरात कमी झाल्या.

दुसरा खड्डा 'ताना'चा. 'शाळेत जाताना पाऊस आला' हे मराठीत चोख आहे. मूल लिहिते, "गोइंग टू स्कूल, द रेन केम." इंग्रजी कानाला हे असे ऐकू येते की पाऊस दप्तर घेऊन शाळेत निघाला होता. मराठीत 'ऊन' लावला तर आपल्यालाही तसेच ऐकू येते. 'शाळेत जाऊन पाऊस आला' म्हणून पाहा, घरातली लहान मुलेही हसतील. मी मुलांना सांगते, इंग्रजी 'इंग' वाक्याच्या सुरुवातीला आला की त्याला 'ऊन' समजा, 'ताना' समजू नका. जाणारा आणि पुढचे काम करणारा एकच असला पाहिजे. नसेल तर "व्हाइल आय वॉज गोइंग टू स्कूल, इट स्टार्टेड टू रेन," असे सरळ लिहा.

जोडायला शिकवताना मुलांनी मलाही एकदा अडवले. मी फळ्यावर वर्षानुवर्षे चालत आलेले उदाहरण लिहिले: "ही इज पुअर. ही इज ऑनेस्ट." उत्तर ठरलेले, "ही इज पुअर बट ऑनेस्ट." एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, "मिस, 'बट' क्यों? गरीब है और ईमानदार है, 'अँड' क्यों नहीं?" तिचे वडील हातगाडीवर केळी विकतात. मी खडू खाली ठेवला. 'बट' घातला की आपण म्हणतो, गरीब सहसा प्रामाणिक नसतो, हा बघा निराळा निघाला. वीस वर्षे मी हे वाक्य शिकवत होते आणि त्यातले हे बोलणे मला ऐकू आले नव्हते. सुटी वाक्ये असतात तोवर माणूस आपले मत लपवू शकतो. जोडायला बसला की ते बाहेर पडते. ते उदाहरण मी आता देत नाही.

हे सगळे काही मी शोधलेले नाही. अमेरिकेत फ्रँक ओ'हेअर नावाच्या शिक्षकाने सातवीच्या मुलांना व्याकरणाच्या संज्ञा न शिकवता केवळ छोटी वाक्ये जोडण्याचा सराव दिला आणि त्यांचे लेखन सुधारल्याचा अहवाल १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. २००७ मध्ये स्टीव्ह ग्रॅहम आणि डोलोरेस पेरिन यांनी मुलांच्या लेखनावरचे अनेक अभ्यास एकत्र तपासले. उपयोगी ठरलेल्या ११ गोष्टींच्या त्यांच्या यादीत वाक्ये जोडणे आहे, सुटे व्याकरण शिकवणे नाही. मला यात आवडले ते हे की हा सराव करून घ्यायला घरात इंग्रजी जाणणारे कोणी असलेच पाहिजे असे नाही.

अम्मींसाठी म्हणून सांगते. मगरिबनंतर मूल इंग्रजीचा निबंध लिहून उठले की त्याला म्हणा, हे मला आपल्या बोलीत सांग. ते सांगताना जिथे 'लेकिन', 'इसलिए', 'क्योंकि', 'जब', 'जो' म्हणेल तिथे पेन्सिलने वहीत छोटी खूण करा. मग त्याला विचारा, इथे तुझ्या इंग्रजीत काय आहे? बहुतेक ठिकाणी पूर्णविराम असेल. बाकीचे काम त्याचे किंवा त्याच्या शिक्षकांचे. तुम्हाला इंग्रजीचे एक अक्षरही वाचावे लागणार नाही.

फक्त एक सावधगिरी. जोडायची चटक लागली की काही मुले सगळ्यालाच 'अँड' लावत सुटतात आणि पानभर मालगाडी होते. 'अँड' हा शब्द काहीच सांगत नाही, फक्त डबे जोडतो. दोनदा आला की मी तिसऱ्याला लाल शाई लावते. आणि स्वल्पविरामाने दोन पुरी वाक्ये चिकटवायची नाहीत. "माय फादर इज इल, ही इज ॲट होम," हे उर्दू-मराठीत खपते, इंग्रजीत चूक धरतात. छोटे वाक्य मुळात वाईट नाही, हेही मुलांना सांगावे लागते. दोन लांब वाक्यांमध्ये एखादे छोटे आले की ते लक्षात राहते.

त्या दुपारी आम्ही अर्ज पुन्हा लिहिला. लिहिला तिनेच, मी फक्त विचारत गेले. अब्बू आणि अपघात यांच्यात काय आहे? के बाद से. मग 'सिन्स'. अम्मीच्या शिलाईच्या आधी काय म्हणालीस? इसलिए. मग 'सो'. भाऊ कुठे असतात? ते सांगितलेस का? शेवटी अर्ज असा झाला:

"आय पास्ड टेन्थ विथ एटी-फोर पर्सेंट अँड वॉन्ट टू स्टडी सायन्स, बट माय फॅमिली कॅनॉट अफोर्ड अ रूम इन द सिटी. माय फादर, हू वॉज अ ड्रायव्हर, हॅज बीन ॲट होम सिन्स हिज ॲक्सिडेंट, सो द फाइव्ह ऑफ अस डिपेंड ऑन माय मदर्स स्टिचिंग. माय टू ब्रदर्स आर स्टिल इन प्रायमरी स्कूल. आय देअरफोर रिक्वेस्ट यू टू गिव्ह मी अ प्लेस इन द हॉस्टेल."

दहाची चार वाक्ये झाली. भावांचे वाक्य तिने मुद्दाम छोटे ठेवले. मी म्हटले, हेही जोडून टाकू. ती म्हणाली, "नहीं मिस, उनको यही पढना है." 'प्लीज हेल्प मी' तिने स्वतःच खोडले.

दुसऱ्या दिवशी मामूंनी अर्ज नेऊन दिला. आठवड्याने फोन आला की मूळ कागदपत्रे घेऊन भेटायला या. जागा लगेच नव्हती. ऑगस्टमध्ये एका मुलीने सोडली तेव्हा हिला मिळाली, तोवर ती खालाकडे राहून कॉलेजला गेली.

या महिन्याचा सराव. खालच्या पाच वाक्यांची दोन करा. कोणत्या गोष्टीला वजन द्यायचे ते तुम्ही ठरवा, आणि 'अँड' एकदाच वापरा. "आय हॅव अ ग्रँडमदर. शी इज सेव्हन्टी. शी कॅनॉट रीड इंग्लिश. शी चेक्स माय होमवर्क एव्हरी नाइट. शी काउंट्स द रेड मार्क्स." उत्तरे नेहमीच्या पत्त्यावर पाठवा. ज्यांच्या घरी अशी दादी किंवा नानी आहे त्यांनी वाक्ये आधी तिला वाचून दाखवावीत, मग पाठवावीत.